पलंगामागच्या गोळ्या

हॉस्पिटलच्या धुलाई विभागात सकाळपासून चादरींच्या घड्या घालून ती दुपारी तीनला घरी आली, तेव्हा तिच्या खांद्यांत जीव नव्हता. वडिलांच्या पलंगाखाली ढब्बू काहीतरी चघळत होता. बारा किलोचा हा कुत्रा साबणसुद्धा सोडत नसे. तिने त्याच्या तोंडातून कागदाचा ओला बोळा ओढून काढला. त्याला एक गुलाबी गोळी चिकटलेली होती.

वडिलांची रक्तदाबाची गोळी. तिने लगेच त्यांची डबी उघडली. आजचा खण रिकामा होता. गोळी सकाळीच घेतली, असं वडील म्हणाले. ढब्बू पलंगाखाली शिरून पंधरा-वीस मिनिटं झाली असतील, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

तिने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी औषधाचं नाव विचारलं, कुत्र्याचं वजन विचारलं, किती वेळ झाला ते विचारलं. घरी मिठाचं पाणी पाजू नका, दूध नको, ओकारी काढायला जाऊ नका, गोळ्यांचं पाकीट घेऊन सरळ इकडे या, असं बजावलं. मग विचारलं, "पण खाल्ल्या किती?"

तिने वडिलांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत बसले होते.

"दहा-बारा असतील," ते हळूच म्हणाले. "कागदात गुंडाळून पलंगामागे टाकत होतो. रोज नाही. अधूनमधून."

रागवायला वेळ नव्हता. तिने आकडा फोनवर सांगितला, पाकीट पर्समध्ये टाकलं, ढब्बूला जुन्या चादरीत गुंडाळून उचललं आणि टॅक्सी थांबवली. वाटेत तो तिच्या मांडीवर सुस्त पडून राहिला. एरवी अख्खा रस्ता भुंकत जाणारा.

दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर त्याने ओकून टाकलं. सात गोळ्या निघाल्या, काही अर्धवट विरघळलेल्या. मग त्याला विष शोषून घेणारा औषधी कोळसा पाजला, सलाईन लावलं. हृदयाचे ठोके मंद पडलेत, उद्या दुपारपर्यंत इथेच राहू दे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. ती बाकावर बसून राहिली. संध्याकाळी ठोके सुधारल्याचं कळलं, तेव्हा ती घरी निघाली.

घरी वडील न जेवता तिची वाट पाहत होते.

"वाचेल," ती म्हणाली.

मग वडील म्हणाले, "ती गोळी घेतली की दिवसभर डोकं जड होतं. पेपरच्या चार ओळीसुद्धा वाचवत नाहीत."

"मग मला सांगायचं होतं ना, बाबा."

"कधी सांगू? तू येतेस ती भिंतीला टेकून डोळे मिटतेस. म्हटलं, हिच्या मागे आणखी एक कशाला लावू."

खोटं नव्हतं ते. तिने दोन ताटं वाढली आणि ती दोघं जेवायला बसली.

सकाळी तिने कामावर फोन करून रजा मागितली. मुकादम कुरकुरला, पण दिली. आधी ती वडिलांना त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. सगळं वडिलांनीच सांगितलं, काही न लपवता, मान खाली घालून. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली; आठवडाभराने पुन्हा दाखवायला सांगितलं.

दुपारी तिथूनच दोघं ढब्बूला आणायला गेली. तो लटपटत बाहेर आला आणि वडिलांच्या पायाशी बसला. वडिलांना वाकणं जमत नव्हतं. तिने त्याला उचलून त्यांच्या हातात दिलं.