तिसऱ्या मजल्यावरचं अबोली पातळ

दौलतच्या बायकोला शारजात कुणी पाहिलं नव्हतं, पण अख्खी बिल्डिंग तिला ओळखत होती. ती लाजाळू आहे, तिला संधिवात आहे, चतुर्थी कडक धरते आणि रोज पहाटे धुणं धुते, एवढं तर खालच्या किराणावाल्यालाही ठाऊक होतं. खुद्द ती बाई त्या वेळी गुहागरजवळच्या आपल्या घरी नारळ सोलत होती.

यात दोष दौलतचा नव्हता, भाड्याचा होता. साल २००४. दुबईत सकाळी विचारलेलं भाडं दुपारी शिळं व्हायचं. दौलत रास अल खोरच्या एका वर्कशॉपात स्पेअर पार्टचं स्टोअर सांभाळायचा. दुबईतली खाट परवडेना, तेव्हा तो आणि त्याचे तीन सोबती सरकत सरकत शारजाला आले. रोला चौकाच्या मागे एक सहामजली इमारत. एक हॉल, एक खोली, वर्षाला अठरा हजार दिरहम.

"अठरा हजार म्हणजे दोन लाख वीस हजार!" किसन ओरडला. "एवढ्यात गावाला आठ गुंठे येतील."

"ये घेऊन. झोप त्यावर. आणि रोज सकाळी तिथून बस पकड," दौलत म्हणाला.

पण गेटावर पाटी होती, 'ओन्ली फॅमिली'. एकट्या पुरुषाला त्या मुलखात बॅचलर म्हणतात, मग गावाकडे त्याला चार पोरं का असेनात. आणि बॅचलर दिसला की नातूर, म्हणजे इमारतीचा राखणदार, हातातली चावी खिशात घालतो.

किसन टाइल्स बसवायचा. तिकडे वाळवंटात इंटरनॅशनल सिटीचं काम जोरात होतं. "आज अकरा बाथरूम पुरी केली," असं म्हणत तो घरी यायचा आणि एकुलत्या एका बाथरूमसमोर टॉवेल टाकून नंबर लावायचा. डोकं त्याचंच चाललं.

"दौलतभाऊ, तुझ्या बॅगेत वहिनीचं पातळ आहे ना?"

होतं. अबोली रंगाचं. निघताना दौलतने ते आशाकडून मागून घेतलं होतं. "उशाशी ठेवीन, तुझा वास राहील," असं तो म्हणाला होता, आणि आशाने ते वाडीतल्या झाडून सगळ्या बायकांना सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ते पातळ रोज पहाटे बादलीत बुडायचं आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत दोरीवर चढायचं. बाकीचे तिघे दौलतचे धाकटे भाऊ ठरले. चौघांची आडनावं चार होती, पण नातूर लियाकत पेशावरकडचा. त्याला सगळी सारखीच.

"दौलत भाई, भाभी कैसी है?" तो रोज विचारायचा.

"ठीक है. पाँव दुखता है उसका."

रोज विचारलं की रोज उत्तर द्यावं लागतं, आणि रोज उत्तर दिलं की माणूस बिघडतो. दौलत बसमध्ये बसल्याबसल्या खिडकीच्या काचेवर बोटं वाजवू लागला. घरी आला तरी बूड टेकेना. हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून हॉलमध्ये. एकदा रोला बाजारातून त्याने डझनभर हिरव्या बांगड्या आणल्या. त्या ठेवायला जागा नव्हती, तेव्हा साखरेच्या डब्यात घातल्या. चहा करताना डबा उघडला की त्या वाजायच्या, आणि चौघेही दाराकडे बघायचे.

सहा महिने असे गेले. मग लिफ्टमध्ये कागद लागला. करार नवा करायच्या आधी मालकाचा मॅनेजर स्वतः घरोघर येऊन फॅमिली बघणार. जिथे फॅमिली नसेल, तिथली चावी आठवड्यात परत.

"खलास," किसन म्हणाला. "आता सोनापूरचा मजुरांचा कॅम्प. तिथेही कंपनीची माणसं सोडून दुसऱ्याला घेत नाहीत."

दौलत मात्र त्या रात्री फोनकार्ड घासून बसला. आशासाठी दोन महिन्यांचा व्हिजिट व्हिसा काढला, उसने पैसे घेऊन तिकीट काढलं. त्याचं एक गुपित होतं, जे त्याने किसनलाही सांगितलं नाही. बाई एकदा आली, बिल्डिंगीने डोळ्यांनी पाहिली, की काहीतरी करून तिला ठेवूनच घ्यायची. जी सहा महिने इथे राहतेच आहे, तिने आणखी थोडं राहायला काय हरकत?

आशा आली. तिघे धाकटे भाऊ लाजत लाजत वळकट्या उचलून ओळखीच्यांकडे पांगले. दौलतने साखरेचा डबा उघडून बांगड्या तिच्या हातात भरल्या. त्या किंचित चिकटत होत्या. ती हसली, आणि पहाटे गॅलरीत गेली.

"अहो! हे माझं पातळ ना?"

दौलत धावत आला. दोरीवरचं पातळ रोज एकाच घडीवर पडायचं. वरची बाजू ताकासारखी पांढरी झाली होती, आतली अजून अबोली.

"उशाशी ठेवणार होतात ना तुम्ही? मी वाडीभर सांगत फिरले. आणि तुम्ही त्याचा बावटा केलात?"

"आशा, अगो, ऐक तर. ते पातळ नसतं तर हे घर मिळालं नसतं."

"मग घर पातळालाच मिळालंय. मला कशाला आणलंत?"

सुदैवाने बेल वाजली. समोरच्या दारातली हव्वाबी आली होती, दापोलीकडची, पंचवीस वर्षं शारजात मुरलेली. तिने आशाच्या दंडाला चिमटा काढून पाहिला.

"खरी हायस गो! मला वाटलं, मेल्याने बुजगावणं उभं केलंन."

"तुम्हांला माहीत होतं?" दौलतने विचारलं.

"सहा महिने रोज पातळ वाळतंय, झंपर एकदाही नाही, परकर नाही. बाई काय नुसतं पातळ गुंडाळून बसते?" हव्वाबीने आशाला गॅलरीच्या कठड्याशी नेलं. "बघ खाली. बघ वर."

आशाने पाहिलं. सहा मजले, दोऱ्याच दोऱ्या. साड्या होत्या, ओढण्या होत्या, एक काळा बुरखा होता, आणि सगळं एका बाजूने विटलेलं. झंपर एकाही दोरीवर नव्हता.

"या बिल्डिंगीत बायका दोन," हव्वाबी म्हणाली. "मी, आणि कालपासून तू."

मॅनेजर आला तो शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर. लियाकत जिन्याने धापा टाकत वर आला आणि दाराची चौकट धरून म्हणाला, "भाभी, साब नीचे है. हर घर में बैठेगा. छठे माले पे आठ लड़के हैं, सब तुम्हारे मुलुक के. इज्जत रख लो."

आशा दौलतशी दोन दिवस बोलत नव्हती. पण आठ पोरं रस्त्यावर येणार म्हटल्यावर तिने पदर खोचला, जसा लग्नघरी वाढप्यांनी ऐन पंगतीत दगा दिल्यावर कोकणातली बाई खोचते. "बुरखा कुठाय तुमचा?" तिने हव्वाबीला विचारलं.

त्या दुपारी काय झालं ते सांगितलं तर खोटं वाटेल, पण लिफ्ट साक्षीला आहे. पहिले दोन मजले हव्वाबीने सांभाळले. तिसऱ्या मजल्यावर आशा दौलतची बायको झाली आणि साहेबाला तिने समोर येऊन चहा दिला. साहेब कागद भरत बसले, तेवढ्यात ती जिन्याने चौथ्यावर पोचली आणि घुंगट ओढून कुणा राजस्थानी सुताराची झाली. पाचव्यावर ती बुरख्यात होती. मागून दौलत थर्मास घेऊन पळत होता. अनोळखी दारांआड उभं राहून तो ऐकत होता, आपली बायको परक्या पुरुषाला 'सुनिए जी' म्हणतेय! आणि तरी पुढच्या मजल्यासाठी कप तोच विसळत होता.

सहाव्यावर आशाचे पाय थकले. स्वयंपाकघराच्या पडद्यातून नुसता हात बाहेर आला, कपबशीसकट.

साहेबांनी कप घेतला नाही. हाताकडेच बघत राहिले.

"लियाकत, हर फ्लोअर पे लेडीज का सेम बांगडी?"

पडद्याआड दौलतने थर्मास खाली ठेवला.

"साब," लियाकत शांतपणे म्हणाला, "बिल्डिंग में फैशन है."

साहेबांनी चहा संपवला, सही केली आणि गेले. त्या संध्याकाळी सहा मजल्यांवरून बिर्याणी, खीर आणि पापलेट तिसऱ्या मजल्यावर उतरलं. आशा हसली, दौलतशी बोलली. बोटं वाजवायचं थांबवून दौलत पहिल्यांदा जेवणभर एका जागी बसला.

चार दिवसांनी लिफ्टमध्ये दुसरा कागद लागला. ही इमारत शंभर टक्के फॅमिलींची असल्याची खात्री झाली आहे. अशा सभ्य इमारतीला मागणी फार. सबब, नवीन भाडं चोवीस हजार.

चोवीस हजार चौघांना झेपणार नव्हतं. सहा जण लागणार होते. दौलतने किसनचा टेप घेतला आणि हॉल मापायला लागला. आशाने दुसरं टोक धरलं. एक खाट, दुसरी खाट, वर माळ्यासारखी तिसरी. खोलीत दोन. त्याने पुन्हा मापलं. पुन्हा. प्रत्येक वेळी खिडकीखालचे अडीच फूट तो सोडून द्यायचा आणि टेपचं टोक तिथून पुढे धरायचा.

"अहो, हे अडीच फूट कुणाचे?"

त्याने टेप पुन्हा ताणला.

"माझे ना?" आशाने टेप सोडला, तो सर्रकन त्याच्या हाताशी गोळा झाला. "तेवढ्यात खाट बसते. सहावा माणूस शोधा."

"दोन महिन्यांचा व्हिसा आहे तुझा. अजून पंधरा दिवससुद्धा झाले नाहीत."

"आणि ते तिघे तोवर कुणाच्या पायाशी झोपणार?"

ती पुढच्या आठवड्यात गेली. तिची बॅग लियाकतने टॅक्सीपर्यंत नेली, भाडं घासाघीस करून दिलं. गाडीत बसताना आशाने कागदात गुंडाळलेलं काहीतरी दौलतच्या हातात कोंबलं. "रोज लावा. आणि पातळ आता उलटं टाका. दुसऱ्या बाजूलाही ऊन लागू दे, म्हणजे एकसारखं दिसेल."

दुसऱ्या दिवशी पहाटे आतमध्ये पाच जण घोरत होते. दौलत गॅलरीत गेला. पातळ उलटं टाकलं, शेजारी आशाने कागदात दिलेला अबोली झंपर लावला. चिमटा काढला, पुन्हा लावला. मग थोडा डावीकडे सरकवला.

खाली लियाकत पाण्याचा पाइप घेऊन उभा होता. त्याने वर पाहिलं. त्याला सगळं ठाऊक होतं.

"दौलत भाई," त्याने हाक दिली, "भाभी कैसी है?"

"ठीक है," दौलत म्हणाला. "धीरे बोल. सो रही है."