तळघरातलं थिएटर

मायरनने भिंतभर टीव्ही घेतला आणि ओरेस्टच्या पोटात दुखायला लागलं. टीव्ही घेईना का बापडा! पण वडील गेल्यापासून दर शनिवारी ओरेस्टकडे बर्फावरची हॉकी बघायला येणारी आई त्याच हिवाळ्यात धाकट्याकडे, मायरनकडे, जायला लागली, हे त्याच्या जिव्हारी लागलं. तिच्या हातच्या पेरोगींचा, बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांचा, डबाही तिकडेच जाऊ लागला.

"टीव्हीला भुलली म्हातारी," तो बायकोला म्हणाला.

"मग विचार ना तिलाच," डार्लीन म्हणाली.

"मी कशाला विचारू? माझं काय अडलंय?"

अडलं होतं, म्हणून तर तो दुकानात गेला. आई यायची तेव्हा सगळे तळघरातल्या खोलीत बसायचे. आता तिथेच थिएटर करायचं त्याने ठरवलं.

"खोली केवढी आहे?" दुकानातल्या मुलीने विचारलं.

"भावाच्या टीव्हीच्या दुप्पट चित्र दिसलं पाहिजे."

"अहो, मी खोली विचारतेय, भाऊ नाही."

खोली अगदीच लहान निघाली. साध्या प्रोजेक्टरला मागे जागा लागते, तेव्हा भिंतीजवळूनच मोठं चित्र पाडणारा घ्या, असं तिने सुचवलं. "पण चित्र बेताचंच ठेवा. जवळ बसणाऱ्याची मान दुखते."

"जवळ आईच बसणार आहे."

"मग तर बेताचंच."

ओरेस्टने सगळ्यांत मोठ्या चित्राचा उचलला. मायरनचं तोंड कसं होईल, हेच त्याला दिसत होतं. मग त्याने भिंती काळपट रंगवल्या, प्रोजेक्टर छताला ठोकला, आईसाठी पाय वर करायची खुर्ची आणली. एवढं झाल्यावर शनिवारी तो स्वतः तिला घेऊन आला.

आईने कोट काढला, जिन्याच्या तोंडाशी आली आणि कठडा धरून उभी राहिली.

"चल ना आई, खाली मायरनच्या दुप्पट चित्र आहे!"

"बघ तू. मी बसते इथेच स्वयंपाकघरात."

"म्हणजे त्याचंच आवडतं ना तुला? सरळ सांग की!"

"गाढवा, गुडघे गेलेत माझे," आई कडाडली. "गेल्या वेळी तुझा हा जिना मी एकेका पायरीवर बसून उतरले. तू मॅच लावत होतास, तुझं लक्षच नव्हतं. मायरनकडे पायऱ्या नाहीत, म्हणून जाते."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू मला पोत्यासारखं उचलून नेलं असतंस."

नेलंच असतं. ओरेस्टला तिच्याकडे बघवेना. तो खाली गेला आणि स्क्रू काढायला लागला.

प्रोजेक्टर वर स्वयंपाकघरात येऊन पावाच्या डब्यावर चढला. डार्लीनने कपाटांवर चादर बांधली. कपाटांच्या मुठींमुळे खेळाडूंच्या पोटांना टेंगळं आली, दिव्याच्या उजेडात बर्फ पिवळट दिसू लागला. आईने टेबलाशी खुर्ची ओढली.

"छान दिसतंय रे," ती म्हणाली. ओरेस्टची छाती फुगली. तेवढ्यात ती म्हणाली, "मायरनला बोलाव. एकटाच बसला असेल बिचारा."

बिचारा! ओरेस्टच्या अंगाचा पुन्हा तिळपापड झाला. तरी त्याने फोन हातात घेतला. मात्र नंबर लावण्याआधी त्याने डबा जरा मागे सरकवला, चित्र आणखी मोठं होऊन फ्रिजवर चढेपर्यंत.