लिनसची हाडं

या, टेका इथं. सुपारी फोडा, चुना तिकडं आहे. बर्नाडेटची गोष्ट सांगतो तुम्हाला. पण मधे उठायचं नाही, आधीच सांगून ठेवतो.

आमच्या बोगनविल बेटावरची लढाई संपून वर्षं झाली होती. शाळा उघडली, बाजार भरायला लागला. बर्नाडेटचा पोरगा लिनस मात्र घरी आला नव्हता. तो जिवंत नाही हे तिला कळत होतं. हाडं तरी मिळावीत, आपल्या मातीत पुरावीत, एवढंच बाई मागायची. खोकल्यानं छाती पोखरलेली. आपण गेल्यावर पोराला कोण शोधणार, हा एकच घोर.

लिनसला पुरलं कुठं ते आपल्याला ठाऊक आहे, असं नदीपलीकडचा ब्लेझ सांगायचा. लढाईत तो दुसऱ्या बाजूचा. त्याचा निरोप यायचा, "जागा दाखवतो. पण आधी तारासियोची बंदूक पेटीत जाऊ दे."

तारासियो म्हणजे बर्नाडेटचा धाकटा भाऊ, लिनसचा मामा. आमच्यात मामा बापापेक्षा वरचढ. आणि पेटी म्हणजे चर्चमागचा मोठा लोखंडी डबा. लढाईनंतर जमा केलेल्या गावोगावच्या बंदुका त्यात. कुलपं दोन, एक किल्ली शांततेसाठी आलेल्या परदेशी साहेबाकडं, दुसरी आमच्या कमांडरकडं.

"आधी हाडं," तारासियो म्हणायचा. "बंदूक दिली आणि तो पळाला तर? मग काय रताळी फेकून मारू त्याला?"

"मारायचंच कशाला रे?"

"ताई, तू गप बस."

ती कसली गप बसते! सकाळी काठी टेकत गेली आणि त्याच्या रताळ्याच्या वाफ्यातच ठाण मांडलं. जमीन आमच्याकडं बाईची.

"आईमागं ही माती माझी आहे," ती ओरडली. "बंदूक घरात ठेवलीस तर तुझा एक वेल इथं दिसता कामा नये. जा, काय खायचं ते बंदुकीलाच विचार!"

शेजारपाजार फिदीफिदी हसलं. तारासियोचं तोंड एवढंसं झालं. दुपारी त्यानं बंदूक पुसली, तान्हं पोर उचलावं तशी उचलली आणि पेटीत नेऊन ठेवली. दोन्ही कुलपं लागली.

ब्लेझ आला. बर्नाडेट एकटीच त्याच्याबरोबर निघाली. "हाडांना हात मीच लावणार, तू यायचं नाहीस," असं तिनं भावाला बजावलं होतं. खरं म्हणजे त्या दोघांना एका वाटेवर आणायची तिला धास्ती.

नदीच्या वळणावर ब्लेझ थांबला. नुसता पाण्याकडं बघत राहिला.

"खण की," बर्नाडेट म्हणाली.

"मावशी, पुरलंच नव्हतं त्याला. पाण्यात ढकलला. आम्हीच."

"आणि ते निरोप?"

"तारासियो मला जगू देणार नव्हता. माझी पोरं लहान आहेत, मावशी."

तिनं काठी उचलली आणि त्याला झोडपला. खोकला येऊन खाली कोसळेपर्यंत झोडपला. त्यानं हात वर केला नाही.

रिकाम्या हातानं परतावं, तर तारासियो कुऱ्हाड घेऊन थेट त्या डब्याकडं जाणार. कमांडर त्याचाच दोस्त, अडवणार कोण? आज ब्लेझ मरेल, उद्या ब्लेझचे भाऊ येतील. पुन्हा सगळं पहिल्यापासून.

"डुकराची हाडं आणतो," ब्लेझ पुटपुटला. "कुणाला कळतंय?"

"माझ्या पोराच्या जागी डुक्कर?" ती थुंकली.

मग ती गुडघ्यांवर सरकत काठाकाठानं फिरली. पुरानं आणून टाकलेली, उन्हानं पांढरी पडलेली लाकडं एकेक निवडत गेली. "हा पाय. हा हात. ही बोटं." अंगावरच्या फडक्यात बांधली आणि गाठ अशी मारली की दातांनीसुद्धा सुटू नये.

गाव रडलं. तारासियोनं गाठोडं खांद्यावर घेतलं आणि हंबरडा फोडला, "किती हलका झालास रे भाच्या!" गाठ न सोडताच गाठोडं पुरलं.

ब्लेझच्या पोटात हे राहिलं नाही, म्हणून मला ठाऊक. बर्नाडेट कुणापाशी बोलत नाही. खोकला अजून तिला नेत नाही. पोर नदीत आहे, तर रडायला हवं नदीपाशी. पण भावासाठी तिकडं पाठ करायची आणि दर रविवारी लाकडांपाशी रडायचं.

उद्या तुम्ही त्याच वाटेनं जाणार. तारासियो थडगं दाखवल्याशिवाय सोडायचा नाही. डोक्यावरची टोपी काढा, मान खाली घाला. आणि माझ्यासाठी एवढं कराच, त्याच्यापाशी तोंड उघडू नका.