उतू न गेलेलं दूध

१९९६ साली बंगलोरच्या जयनगरात बिनलग्नाच्या जोडीला घर द्यायला कोण बसलं होतं? म्हणून प्रियदर्शनी आणि संग्रामनं घरमालकांना सरळ सांगितलं, आमचं लग्न झालंय, निपाणीला. बाजारातून खोटं मंगळसूत्र आणलं आणि अकरा महिन्यांच्या करारावर नवरा-बायको म्हणून सह्या ठोकल्या.

सात महिन्यांत दोघांचं फाटलं. का, ते विचारू नका; विचारलंत तर दोन वेगळी उत्तरं मिळतील. ती के. आर. पुरमला विद्या नावाच्या मैत्रिणीकडे गेली. पण करारावरचं नाव काही निघेना. घर फक्त ‘फ्यामिली’ला होतं. ती गेली की संग्राम सडाफटिंग, आणि सडाफटिंगाला मालक जयसिंगराव उंबऱ्याच्या आत घेत नसत.

“मला पीण्या इंडस्ट्रियल एरियाची कंपनी-बस इथूनच मिळते गं,” संग्राम म्हणाला.

बायको म्हणून तोंड दाखवून जायला ही बया कबूल झाली! दर शुक्रवारी यायचं, गल्लीच्या कोपऱ्यावर गळ्यात मंगळसूत्र अडकवायचं, गच्चीत दोन साड्या वाळत टाकायच्या, मालकीणबाईंना दिसायचं आणि पसार व्हायचं. एरवी ती नाइट ड्यूटीला असते, असं संग्राम सांगे.

गोची केली ती मालकीणबाईंनी. दर शुक्रवारी सोयराबाई तिला खाली बोलवत, कुंकू लावत, “स्वल्प कॉफी घे की गं पोरी,” म्हणत. संग्रामला सोडताना प्रियदर्शनी रडली नव्हती. ती कॉफी मात्र ती वर न बघता कशीबशी संपवी. खरं कळलं तर ही बाई आपल्याला दारातही उभं करणार नाही, एवढीच तिला धास्ती होती.

करार संपला. जयसिंगरावांच्या घरची रीत अशी, की नव्या करारावर सह्या करण्याआधी भाडेकरणीनं त्या घरात दूध उतू घालवायचं. रविवारी सकाळी चौघं वरच्या स्वयंपाकघरात शेगडीभोवती उभी राहिली. दूध चढलं, काठाला आलं. प्रियदर्शनीनं गॅस बंद केला.

दूध मुकाट खाली बसलं.

“अगं, अगं, हे काय केलंस!” जयसिंगराव ओरडले.

“मी इथं राहत नाही, अण्णा. चार महिने झाले.” मग तिनं सोयराबाईंकडे पाहिलं. “आणि अक्का, आमचं लग्न झालेलंच नाही.”

संग्राम खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर शेजाऱ्यांची पाण्याची टाकी होती.

जयसिंगरावांनी कराराची घडी करून खिशात घातली. “सरी, ठीक आहे. महिनाअखेर घर रिकामं करा, संग्रामराव.”

सोयराबाईंनी सांडशीनं पातेलं उतरवलं. “आता राहतीस तिथं दूध उतू घालवलंस?”

“नाही, अक्का.”

“चार महिने तशीच राहिलीस?” आता कुठं त्यांचा आवाज चढला. “अक्कल आहे का तुला?” त्यांनी खालून कडीचा डबा आणला, दूध त्यात ओतलं आणि झाकण दाबून बसवलं. “हे ने. घरी पोचलीस की आधी शेगडी पेटव. आणि ते गळ्यातलं काढ बघू.”

प्रियदर्शनीनं मंगळसूत्र काढून ओट्यावर ठेवलं. तिला आता रडू आवरेना.

“रडतीस काय? बसमध्ये डबा सरळ धर,” सोयराबाई म्हणाल्या. “आणि शुक्रवारी परत आण. अशीच ये.”