साडेपाचशे वॅटची माया

मित्रांनो, मी एक जुना पॉवर सप्लाय आहे. नाव ऐकून तोंड वाकडं झालं ना? होऊ द्या, मला सवय आहे. गेम खेळायचा कॉम्प्युटर म्हटलं की सगळ्यांना ग्राफिक्स कार्ड आठवतं, रंगीत दिवे आठवतात, काचेचं कॅबिनेट आठवतं. पण भिंतीतल्या प्लगमधून आलेली वीज ज्याला त्याला झेपेल तेवढी वाटून देणारा एक करडा पत्र्याचा डबा आत बसलेला असतो, हे कुणाच्या गावीही नसतं. तो डबा म्हणजे मी. पोटात तांब्याच्या तारांची वेटोळी, पाठीला एक पंखा आणि पुढे वायरींचा हा एवढा झुबका. रूपाच्या नावाने सगळा आनंदच आहे.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक बाकावर झाला. तिथल्या एका कामगार बाईंनी माझ्यावर पूर्ण साडेपाचशे वॅटचा भार टाकला, बराच वेळ तापवलं, पाठीवर हात ठेवून बघितला आणि मग 'पास' असा छोटा कागद चिकटवला. तो हात मला अजून आठवतो. त्यानंतर मात्र माझे ग्रह फिरले. प्रवासात माझं खोकं एका कोपऱ्याला फाटलं. फाटक्या खोक्यातला माल कोण घेणार? एका दुकानाच्या सगळ्यात वरच्या फळीवर मी वर्षभर धूळ खात पडलो.

एका दुपारी त्या दुकानात मायलेकी आल्या. आई घरी शिवणकाम करायची. घाईत निघताना गळ्यातली मापाची टेप काढायची राहून गेली होती. लेक तेरा-चौदा वर्षांची. तिच्या हातात आईच्या मापांच्या वहीतलं एक पान होतं. वर 'छाती, कंबर, उंची' असं छापलेलं आणि त्याखाली पेनाने लिहिलेलं, 'प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड'.

या मुलीला तिचा दादा 'बटण' म्हणायचा. आईने शिवलेल्या कपड्यांना बटणं लावायचं काम तिचं, म्हणून. दोन वर्षं बटणं लावूनच तिने या कॉम्प्युटरचे पैसे साठवले होते. का, ते मला पुढे कळलं. पूर्वी ही भावंडं दादाच्या जुन्या कॉम्प्युटरवर खेळायची, एकाच कीबोर्डवर चार हात. खेळता खेळता दादा मनातलं सगळं बोलून टाकायचा. मग तो कॉम्प्युटर बंद पडला, दादा नोकरीसाठी दूरच्या शहरात गेला, आणि फोनवर त्याचे तीनच शब्द उरले. 'हो', 'जेवलो' आणि 'ठेवतो'.

आई म्हणायची, "हात गुंतले की तोंड सुटतं." तिच्याकडे शिवण शिकायला येणाऱ्या बायकांवरून तिला ते पक्कं माहीत होतं. बटणने ते मनावर घेतलं. दादाच्या खोलीवर त्याच्या मित्राचा कॉम्प्युटर होता. इकडे एक असला, की दर रविवारी दोघांना लांबून का होईना, एकत्र खेळता येणार होतं. तिला गेम हवा होता, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त तिला तिचा बोलका दादा परत हवा होता.

दुकानात खरेदी सुरू झाली. प्रोसेसर साधा पण नवा, रॅम गरजेपुरती, ग्राफिक्स कार्ड कुणीतरी वापरलेलं पण धडधाकट. कॅबिनेट मात्र बटणने काचेचं आणि सात रंगांच्या दिव्यांचं निवडलं होतं. पानाच्या शेवटच्या ओळीवर पॉवर सप्लाय होता आणि त्याच्यासाठी जेमतेम चिल्लर उरली होती.

दुकानदाराने एक चकचकीत काळा डबा पुढे केला. त्यावर चारशे वॅट असं लिहिलेलं होतं. बटणने सगळ्या भागांना लागणाऱ्या विजेची बेरीज केली होती, तीही चारशेच्या आसपास.

"बघ आई, अगदी बरोबर बसतंय!"

"बरोबर बसतंय? माया किती ठेवलीस?"

मित्रांनो, माया हा शिवणकामातला शब्द आहे. कपडा शिवताना शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड ठेवतात. पुढे अंगाला घट्ट झाला, तर उसवून सैल करता येतो. बाहेरून ते कापड दिसत नाही. त्याला माया म्हणतात.

"अगं, याला कसली माया? हे काय परकर-पोलकं आहे का?"

"अंगाबरोबर शिवलेला कपडा एक मोठा श्वास घेतला की उसवतो," आई म्हणाली. "वीज तरी दिवसभर एकसारखी येते का आपल्याकडे?"

दुकानदार हसला. "ताई, तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण मग हा वरचा घ्यावा लागेल." त्याने स्टुलावर चढून मला खाली काढलं आणि फडक्याने पुसलं. आईने एका हातात तो काळा डबा घेतला, दुसऱ्या हातात मला, आणि कापड पारखावं तसं डोळे मिटून जोखलं. मी निम्म्याने तरी जड होतो.

"हा पोकळ आहे," तिने काळा डबा परत ठेवला. "हा भरीव आहे. हाच घे."

"मग दिव्यांचं कॅबिनेट नाही येणार!"

"नाही येणार."

बटणचा चेहरा एवढासा झाला. आता मेल्याहून मेल्यासारखं झालं ते मला. माझ्यापायी पोरीचे सात रंग गेले होते. दिव्यांच्या जागी साधं पत्र्याचं कॅबिनेट आलं आणि घरी जाताना तिने मला मांडीवर घेतलं नाही, पायाशी ठेवलं.

घरी आईच्या कापड बेतायच्या चटईवर जोडणी झाली. कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्ड मावेल का, हे आईने टेपने मोजलं आणि सवयीने वहीत 'उंची' या रकान्यात लिहिलं. सगळं जोडून बटणने बटण दाबलं. माझा पंखा फिरला, दिवा लागला, पण पडदा काळाच! झालं. आळ कुणावर? अर्थात माझ्यावर.

"बघ, तुझा भरीव!" बटण रडकुंडीला आली.

आई गुडघ्यावर बसून मागच्या बाजूला डोकावली. "दोन सारखीच भोकं दिसतायत गं. उलटी बाही तर नाही जोडलीस?"

आणि तेच निघालं. पडद्याची वायर ग्राफिक्स कार्डाला लावायची, ती हिने कार्ड सोडून वरच्या दुसऱ्याच भोकात लावली होती. वायर बदलली आणि पडदा उजळला. माझी माफी काही कुणी मागितली नाही, पण बटणने माझ्या पाठीवर एक थाप मारली. कारखान्यातल्या बाईंनंतर मला लागलेला तो पहिला मायेचा हात.

मग रविवार सुरू झाले. दोघं एका गेममध्ये घाटातून मालाचा ट्रक न्यायची. बटण ट्रक चालवायची, दादा नकाशा बघून वाट सांगायचा. "अगं डावीकडे! डावीकडे, बाई! जेवतेस त्याच्या उलटा हात!" स्पीकरवरून त्याचं हसू खोलीभर पसरायचं. पलीकडे आईचं मशीन चालू असायचं, पण त्याचा वेग कमी व्हायचा. ऐकू यावं म्हणून ती मुद्दाम हळू शिवायची. दादा बोलू लागला होता. फक्त नोकरीचा विषय निघाला की तो म्हणायचा, "पुढे खड्डा आहे, सांभाळ."

असाच एक उन्हाळ्यातला रविवार. दुपारी गल्लीतल्या सगळ्या घरांत पंखे, कूलर एकदम चालू. दादा त्या दिवशी गप्प गप्प होता. ट्रक अर्ध्या घाटात आला आणि तो म्हणाला, "ए बटण, एक सांगतो. आईला कळू देऊ नकोस..."

आणि त्याच क्षणी वीज ढेपाळली. खोलीतला दिवा पिवळा पडला, पंखा मंदावला, आईचं मशीन घरघरून थांबलं. माझ्याकडे येणारी वीज निम्म्यावर आली. तो पोकळ काळा डबा माझ्या जागी असता, तर तिथेच डोळे मिटून मोकळा झाला असता. मीसुद्धा तापलो, मित्रांनो. पोटातली तार न् तार चटका बसावा अशी तापली. पण माझ्यात जास्तीचं बळ ठेवलेलं होतं, आणि ते कधी वापरायला मिळतंय याची वाट मी कित्येक दिवस बघत होतो. मी सोडलं नाही. पडदा लवलासुद्धा नाही.

"...माझी नोकरी गेलीय," दादा म्हणाला. "चार महिने झाले."

मशीन बंद होतं, त्यामुळे ते वाक्य खोलीत स्वच्छ ऐकू आलं. आई उठून आली. "यात कुठे बोलायचं?" तिने विचारलं. बटणने माईक तिच्यापुढे सरकवला.

"अरे, चार महिने खाल्लंस काय?"

"आई? तू... मी सांगणारच होतो गं. घरी यायचं तर काय तोंड दाखवू?"

"आहे तेच दाखव. दुसरं कुठून आणणार आहेस?" आई माईकवर वाकली. "लोकांच्या कपड्यांत दोन-दोन बोटं माया ठेवते मी. माझ्या घरात तुझ्यापुरती ठेवली नसेल? निघ आणि ये."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ, "येतो." गेममधला ट्रक केव्हाच दरीत गेला होता. त्याच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

चौथ्या दिवशी दादा घरी आला. काही महिन्यांनी त्याला जवळच एका दुरुस्तीच्या दुकानात काम मिळालं. त्यानंतर मी आठ वर्षं राबलो. पुढे पुढे मला कुणी उघडून बघेना. पंख्यात धुळीचा आणि आईच्या दोऱ्यांचा गोळा साचला, मी कुरकुरू लागलो, आणि शेवटी बटणने स्वतःच्या पगारातून नवा कॉम्प्युटर घेतला. या खेपेला सात रंगांच्या दिव्यांसकट! मला वाईट वाटलं का? वाटलं. मी पत्र्याचा असलो तरी दगड नाही.

पण दादाने मला भंगारात जाऊ दिलं नाही. त्याने मला उघडून दोरे काढले, पंखा बदलला आणि आईच्या मशीनच्या वर एक दिव्यांची पट्टी लावून तिची वायर मला जोडली. आईची नजर आता अधू झाली आहे. ती माझ्या उजेडात सुईत दोरा ओवते.

म्हणून सांगतो, मित्रांनो, यादी करताना जे दिसत नाही त्याच्यासाठी आधी थोडं राखून ठेवा. आणि वर्षातून एकदा तरी आमची धूळ झटका, बाकी काही मागणं नाही.

परवा बटण हसत म्हणाली, "आई, एवढ्याशा दिव्याला साडेपाचशे वॅट? दहासुद्धा लागत नाहीत!"

आईने सुईवरून नजर वर केली नाही. "असू दे गं," ती म्हणाली. "माया आहे ती."