रस्त्यानं गेलेलं पाणी

"जरा सरक गं, गिअर लागतोय माझ्या गुडघ्याला," आई पुटपुटली. सरकायला जागा होती कुठे? पिकअपच्या पुढच्या बाकावर तिघं: गाडी चालवायला लेक, खिडकीशी बाबा आणि मध्ये गुडघे सांभाळत आई.

लेकीचं लक्ष गुडघ्यांत नव्हतं. उद्या मेंढ्यांचा व्यापारी येणार होता. कुरणातलं मेंढ्यांच्या पाण्याचं तळं भरत नाही म्हटल्यावर तिच्या नवऱ्यानं कळप विकायचं ठरवलं होतं. परवा चांगला धो धो पाऊस झाला, तरी तळ्याचं बूडसुद्धा भिजलं नाही. तेच दाखवायला ती दोघांना घेऊन निघाली होती.

बाबा रस्तेखात्यात ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करायचं यंत्र, चालवायचे. माळावरचा हा मातीचा रस्ता त्यांचा जीव की प्राण. घरात एक फळी सरळ ठोकली नाही, पण रस्ता बघा, असा आईचा नेहमीचा टोमणा. दर वर्षी पातं लावायचं, खड्डे खरवडायचे, माती कडेला लोटायची. खरवडून खरवडून रस्ता इतका खाली गेला, की कुरणातलं गवत आता गाडीच्या खिडकीला लागत होतं. पाऊस आला की वरचं पाणी तळ्याकडे येणारा ओढा सोडून सरळ रस्ता धरायचं आणि तळ्याला बगल देऊन खालच्या खारवट जमिनीत जिरायचं.

दिसत सगळ्यांना होतं. पण नवरा ढगांना बोल लावायचा, सासूबाई नशिबाला, आणि आई वरच्या अंगाच्या शेजाऱ्याला; त्यानंच ओढा अडवला असणार म्हणे. बाबा यंदा निवृत्त व्हायचे होते. जाता जाता त्यांच्या कामाला नावं कोण ठेवणार?

तळ्याशी उतरून बाबांनी भेगाळलेली माती टाचेनं दाबून पाहिली. शेजाऱ्याशी एकदा बोलायला हवं, असं ते म्हणाले. आईनं घाईनं मान डोलावली. मग त्यांची नजर रस्त्याकडे गेली. परवाच्या पाण्यानं मधोमध गुडघाभर चर पाडला होता.

"काय दशा झालीय," ते हळहळले. "सोमवारी ग्रेडर आणतो. पुन्हा आरशासारखा करून देतो."

आईनं लेकीचा हात घट्ट दाबला. लेकीनं तो सोडवून घेतला नाही, पण ऐकलंही नाही.

"नका आणू, बाबा," ती म्हणाली. "आमच्या तळ्याचं पाणी तुमच्या रस्त्यानं जातंय."