हात मांडीखाली

"सर, आज शेवटच्या दिवशी तरी छळू नका की," लेक हसत म्हणाली. इंजिनाचा आवाज एकाएकी बसला होता आणि दोन माणसांचं ते छोटं विमान दोन हजार फुटांवर नुसतं तरंगत होतं.

विमानात बापाला सर म्हणायचं, असा बापाचाच दंडक. बाकी सगळे त्याला मास्तर म्हणत. एकतीस वर्षं विमान शिकवून माणूस उद्यापासून घरी बसणार होता, आणि लेकीला एकटीनं उडू द्यायचं की नाही, ते आजच्या या फेरीवर ठरवणार होता. लेक म्हणून सूट नाहीच, उलट दोन महिने जास्तच रगडलं होतं तिला. शिकणारा जरा निवांत झाला की हा गुपचूप थ्रॉटलची दांडी मागं ओढून इंजिनाचा जोर काढून घ्यायचा. "इंजिन गेलं. कुठं उतरणार?" घरी जेवतानाही तेच. आई म्हणायची, "दोन घास खाऊ दे तिला, मग पाड तुझं विमान."

आणि एकदा विचारलं की दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचा. हात मोकळे राहिले की मास्तराचाच धीर सुटतो आणि शिकणारा जन्मभर कच्चा राहतो, असं त्याचं म्हणणं.

लेकीनं नाक खाली करून वेग सांभाळला. खालच्या धुरावरून वारा ओळखला, कापणी झालेलं एक लांबट शेत हेरलं. मग सरावात करतात तसं एकेका खटक्याला नुसतं बोट लावत ती पाठ म्हणू लागली, "पेट्रोलची टाकी बदलली..."

"आज बोट नका लावू," मास्तर म्हणाला. "खरंच फिरवा."

तिनं फिरवलं. काही झालं नाही. तेव्हा कुठं तिची नजर थ्रॉटलवर गेली. दांडी होती तिथंच होती, कुणी ओढलीच नव्हती. इंजिन खरंच बंद पडलं होतं.

"बाबा..."

"बाबा घरी. शेत कुठलं?"

"ते, झाडांपलीकडचं."

"मग तिकडं बघा. माझ्याकडं काय बघताय?"

त्याचे हात अजून मांडीखालीच होते. असा राग तिला बापाचा कधी आला नव्हता. त्या रागातच तिनं झाडांचे शेंडे जेमतेम चुकवले, पेट्रोल बंद केलं, आदळल्यावर दार अडकू नये म्हणून त्याची कडी काढून ठेवली. चाकं आपटली, उसळली, पुन्हा टेकली. बांधाच्या वीस पावलं अलीकडं विमान थांबलं.

"कागदावर आजच सही करतो," तो म्हणाला. "उद्या दुसरं विमान घे आणि एकटी जा."

"हात का नाही लावला तुम्ही? मेलो असतो ना दोघंही."

"लावावासा वाटला गं. झाडांपाशी तर फार."

तिला रडू आलं, आणि या माणसाची आपण लेक आहोत याचा अभिमानही वाटला. डोळे पुसून ती खाली उतरली, वाट बघत उभी राहिली. तो उतरेना. पट्ट्याच्या कडीशी त्याची झटापट चालली होती. तळहातांवर सीटच्या शिवणीचे लालभडक वळ उठले होते आणि बोटं वळत नव्हती.

ती पुन्हा वर चढली आणि वाकून तिनं त्याचा पट्टा सोडवला.